कापणीयंत्राची संपत्ती आणि गर्भनिरोधक गोळी

गर्भनिरोधक गोळीच्या मूळ संशोधनाचा जवळजवळ सगळा खर्च एका स्त्रीने स्वतःच्या पैशातून केला. अमेरिकी सरकारने त्यासाठी काही दिले नाही, औषध कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या संस्थांनीही किरकोळ रकमांवर भागवले. ही स्त्री म्हणजे कॅथरीन डेक्स्टर मॅकॉर्मिक (१८७५–१९६७). त्यांनी या कामाला हात घातला तेव्हा त्यांचे वय ७७ होते, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी त्यात सुमारे वीस लाख डॉलर ओतले. अमेरिकेत त्यांच्याहून मोठ्या रकमा देणारे धनिक पुष्कळ झाले. मात्र कॅथरीन जीवशास्त्राच्या पदवीधर होत्या, प्रयोगशाळेतून येणारे अहवाल त्या स्वतः वाचत आणि शास्त्रज्ञांना प्रश्न विचारत. हे ज्ञान त्यांच्याकडे कसे आले आणि त्याला धार कशाने चढली, हे त्यांच्या देणगीइतकेच महत्त्वाचे आहे.

कॅथरीन यांचा जन्म २७ ऑगस्ट १८७५ रोजी मिशिगन राज्यातील डेक्स्टर या गावी, आजोबांच्या वाड्यात झाला. गावाला नाव घराण्याचेच होते. वडील वर्ट डेक्स्टर हे शिकागोतले नामांकित वकील. १८९० मध्ये हृदयविकाराने ते अचानक गेले आणि आई जोसेफीन मुलांना घेऊन बॉस्टनला राहायला आली. चार वर्षांनी थोरला भाऊ सॅम्युएल मेंदूज्वराने दगावला. ऐन विशीच्या आत वडील आणि भाऊ गमावलेल्या या मुलीने वैद्यकीकडे वळायचे ठरवले आणि त्याची तयारी म्हणून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, निवडली.

त्या काळी एमआयटी बॉस्टन शहरातच होती. एलेन स्वॉलो रिचर्ड्स यांनी १८७३ मध्ये तिथून पहिली स्त्री पदवीधर होण्याचा मान मिळवला असला, तरी तीस वर्षांनंतरही वर्गातल्या मुली बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. प्रवेशासाठी लागणारे विज्ञान विषय मुलींच्या शाळेत शिकवलेच जात नसत, म्हणून कॅथरीन यांनी आधी विशेष विद्यार्थिनी म्हणून ते पुरे केले आणि मग रीतसर अभ्यासक्रमात नाव घातले. या दिवसांतली एक हकीकत नेहमी सांगितली जाते. मुलींनी डोक्यावर टोपी घातलीच पाहिजे असा तिथला दंडक होता, आणि त्या काळच्या टोप्यांवर पिसांचे तुरे असत. पेटत्या बर्नरशेजारी पिसांची टोपी घालून काम करणे म्हणजे आगीला आमंत्रण, असे सांगून कॅथरीन यांनी टोपी घालायला नकार दिला आणि अखेर संस्थेला नियम बदलावा लागला. १९०४ मध्ये त्यांनी जीवशास्त्राची पदवी घेतली. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात जायचे होते, पण त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले.

नवरा स्टॅनली हा सायरस मॅकॉर्मिक यांचा धाकटा मुलगा. सायरस यांनी १८३४ मध्ये घोड्यांनी ओढायच्या कापणीयंत्राचे पेटंट घेतले होते. दहा माणसे विळ्याने दिवसभर कापतील एवढा गहू यंत्र थोड्या वेळात कापू लागले आणि अमेरिकेच्या मध्य भागातली अफाट माळराने शेतीखाली आली. शिकागोतला त्यांचा कारखाना जगातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जाई. १९०२ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांशी विलीनीकरण होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर ही प्रचंड कंपनी उभी राहिली. या संपत्तीला दुसरीही बाजू आहे. ३ मे १८८६ रोजी याच मॅकॉर्मिक कारखान्याच्या फाटकाशी पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. त्याच्या निषेधासाठी दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात सभा भरली आणि तिथल्या रक्तपाताची आठवण कामगार दिनाशी कायमची जोडली गेली. कॅथरीन यांच्या हाती पुढे जो पैसा आला तो असा गव्हाच्या शेतांतून आणि त्या कारखान्यातल्या घामातून जमलेला होता.

स्टॅनली प्रिन्स्टनचे पदवीधर, चित्रकलेची आवड असलेले, टेनिसपटू आणि वडिलांच्या कंपनीत नफ्याचा वाटा कामगारांना मिळावा अशा मताचे होते. १५ सप्टेंबर १९०४ रोजी जिनिव्हा सरोवराकाठी प्रांजँ इथल्या शातोमध्ये, म्हणजे हवेलीत, हे लग्न लागले. दोन वर्षे पुरी होतात न होतात तोच स्टॅनली यांचे मन ढासळले. १९०६ मध्ये त्यांना बॉस्टनजवळच्या मॅक्लीन मनोरुग्णालयात ठेवावे लागले. त्या वेळी ज्याला डिमेन्शिया प्रीकॉक्स म्हणत आणि आज स्किझोफ्रेनिया म्हणतात, तोच हा आजार. त्यांची थोरली बहीण मेरी व्हर्जिनिया हिलाही मनोविकार होता. आजार रक्तातून पुढे जाईल या भीतीने कॅथरीन यांनी मूल होऊ न देण्याचा निश्चय केला. नवविवाहितेच्या त्या निश्चयाचा पुढे गोळीशी संबंध जोडला जातो, आणि तो जोडणे चुकीचे वाटत नाही.

१९०८ मध्ये स्टॅनली यांना कॅलिफोर्नियात, सांता बार्बाराजवळच्या माँटेसिटो इथे मॅकॉर्मिक कुटुंबाच्या ‘रिव्हन रॉक’ नावाच्या जागेत हलवले गेले. एका ओक वृक्षाने वाढता वाढता तिथला प्रचंड खडक दुभंगवला होता, त्यावरून हे नाव पडले. पुढची जवळजवळ चार दशके स्टॅनली तिथेच राहिले. स्त्री दिसताच ते हिंसक होतात असे डॉक्टरांचे मत असल्यामुळे सेवेला फक्त पुरुष ठेवले होते आणि पत्नीलाही भेटायची मनाई होती. सुमारे वीस वर्षे कॅथरीन यांनी नवऱ्याला समोरासमोर पाहिले नाही. त्या दर वर्षी तिथे जात, घराची, जेवणाची, बागेची व्यवस्था बघत, दूर झाडांआडून त्यांना पाहत आणि परत येत. घटस्फोट घ्यावा असे सुचवणारे होते. तो विचार त्यांनी कधी केला नाही.

मॅकॉर्मिक कुटुंबाशी त्यांचा झगडा मात्र वर्षानुवर्षे चालला. १९०९ मध्ये न्यायालयाने स्टॅनली यांना स्वतःचा कारभार पाहण्यास असमर्थ ठरवले आणि त्यांचे पालकत्व पत्नी व मॅकॉर्मिक कुटुंबीय यांच्यात वाटले गेले. वाद पैशापेक्षा उपचारांचा होता. कुटुंबाचा भर मनोविश्लेषणावर होता, तर जीवशास्त्र शिकलेल्या कॅथरीन यांची खात्री होती की आजाराचे मूळ शरीरात, अंतःस्रावी ग्रंथींच्या बिघाडात आहे. १९२९ मध्ये हा वाद सांता बार्बाराच्या न्यायालयात गेला आणि वर्तमानपत्रांनी तो चघळला. एकट्याने पालकत्व मिळवण्याची त्यांची मागणी मान्य झाली नाही. तोवर त्यांनी दुसरा मार्ग धरला होता. १९२७ मध्ये त्यांनी हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात संप्रेरके आणि मनोविकार यांचा संबंध तपासणारी संशोधन संस्था स्वतःच्या पैशाने सुरू केली. ती वीस वर्षे चालली. स्टॅनली यांना तिचा काही उपयोग झाला नाही आणि स्किझोफ्रेनियाचे कोडेही तिने उलगडले नाही. पण या वीस वर्षांत कॅथरीन यांना संप्रेरकांची भाषा अवगत झाली आणि त्या क्षेत्रातले संशोधक कोण, कोण काय करतो, हे माहीत झाले.

नवऱ्यापासून तुटलेल्या या वर्षांत त्यांनी स्वतःला स्त्री-मताधिकाराच्या चळवळीत झोकून दिले. १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये मताधिकारासाठी पहिली उघड्यावरची सभा भरली, तिच्यात त्या बोलल्या. पुढे राष्ट्रीय मताधिकार संघटनेच्या खजिनदार आणि उपाध्यक्ष झाल्या, आणि संघटनेचे ‘वुमन्स जर्नल’ हे पत्र अडचणीत आले तेव्हा त्याचा भार उचलला. संघटनेच्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट यांच्या त्या विश्वासू सहकारी होत्या. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या, घटनेच्या एकोणिसाव्या दुरुस्तीला ३६ राज्यांची संमती मिळवायची होती, आणि ऑगस्ट १९२० मध्ये टेनेसीने होकार दिल्यावर ती मिळाली. त्या मोहिमेच्या आखणीत कॅथरीन यांचा मोठा वाटा होता. कायदा, विरोधक आणि दिरंगाई यांच्याशी चिवटपणे कसे लढायचे, याचे शिक्षण त्यांना इथे मिळाले.

मार्गारेट सँगर यांची आणि त्यांची ओळख १९१७ मध्ये बॉस्टनला झाली. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रुकलिनमध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडल्याबद्दल सँगर यांना अटक झाली होती. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गर्भनिरोधनाची साधने, इतकेच काय त्यांची नुसती माहितीही टपालाने पाठवणे गुन्हा ठरवले होते, आणि साधने परदेशातून आणण्यालाही बंदी होती. सँगर यांच्या न्यूयॉर्कमधल्या दवाखान्याला डायाफ्राम, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी बसवायची रबरी टोपी, हवे होते आणि ते युरोपातच मिळत. कॅथरीन यांनी युरोपात जाऊन त्यांची घाऊक खरेदी केली, शिवणकाम करणाऱ्या बायकांना बसवून ते नव्या कपड्यांच्या अस्तरात शिवून घेतले आणि ते कपडे पेट्यांत भरून अमेरिकेत आणले. उंची पोशाख घेऊन परतणाऱ्या श्रीमंत बाईच्या सामानाबद्दल जकात अधिकाऱ्यांना संशय आला नाही. एक हजाराहून अधिक डायाफ्राम या मार्गाने सँगर यांच्या दवाखान्यात पोचले. १९२७ मध्ये जिनिव्हाला जागतिक लोकसंख्या परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींचे आगतस्वागत कॅथरीन यांनी प्रांजँच्या शातोमध्ये केले.

सँगर यांचा भारताशी, आणि विशेषतः महाराष्ट्राशी, जवळचा संबंध आला. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच संततिनियमन केंद्र सुरू केले होते आणि १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते. डिसेंबर १९३५ मध्ये सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटल्या. संयम हाच उपाय या मतावरून गांधीजी हलले नाहीत. नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघाची स्थापना झाली आणि सँगर व धन्वंती रामा राव या दोघी त्याच्या संयुक्त अध्यक्ष झाल्या. स्वस्त, सोपे आणि पुरुषाच्या मर्जीवर अवलंबून नसलेले साधन हवे, ही मागणी त्या काळात जोर धरत होती.

जानेवारी १९४७ मध्ये स्टॅनली वारले. साडेतीन कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता कॅथरीन यांच्या नावावर आली, पण वारसाकर भरण्यात आणि हिशेब मिटवण्यात सुमारे पाच वर्षे गेली. त्यासाठी रिव्हन रॉकही विकावे लागले. या धांदलीतच, १९५० मध्ये, त्यांनी सँगर यांना पत्र लिहून दोन गोष्टी विचारल्या: चळवळीला सर्वांत जास्त पैशाची गरज कुठे आहे, आणि गर्भनिरोधनाच्या संशोधनाची आज काय स्थिती आहे. सँगर यांनी उत्तरात संशोधनाकडेच बोट दाखवले. त्या उत्तरात झोपडपट्ट्यांतल्या गरीब, अडाणी लोकांना वापरता येईल अशा साधनाची भाषा आहे आणि काही प्रकारच्या लोकांच्या नसबंदीचाही उल्लेख आहे. सुप्रजाशास्त्राचा तो विषारी धागा या चळवळीत होता, आणि तो झाकून तिचा इतिहास सांगता येत नाही.

८ जून १९५३ रोजी सँगर यांनी कॅथरीन यांना मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावी नेले. तिथे ग्रेगरी पिंकस आणि हडसन होग्लंड यांनी १९४४ मध्ये वूस्टर फाउंडेशन फॉर एक्स्पेरिमेंटल बायॉलॉजी ही संशोधन संस्था उभी केली होती. सशांच्या बीजांडांवरच्या प्रयोगांनी गाजलेले आणि वादग्रस्त ठरलेले पिंकस यांना हार्वर्डने कायम केले नव्हते. होग्लंड यांचे नाव कॅथरीन यांना नवीन नव्हते, कारण अधिवृक्क ग्रंथी आणि स्किझोफ्रेनिया हाच त्यांचा विषय. रिव्हन रॉकमधल्या हतबलतेपोटी शिकलेली विद्या इथे कामी आली. पिंकस यांनी काय करता येईल ते सांगितले, कॅथरीन यांना ते समजले आणि पैसे लगेच सुरू झाले. थोड्याच काळात ते वर्षाला एक लाख डॉलरच्या पुढे गेले. प्राणी ठेवण्यासाठी इमारतही त्यांनीच बांधून दिली. पंचाहत्तरी उलटलेल्या कॅथरीन काम जवळून पाहता यावे म्हणून सांता बार्बारा सोडून बॉस्टनला राहायला आल्या.

कल्पना मुळात साधी होती. गर्भार स्त्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण वाढलेले असते आणि त्यामुळे नवे बीजांड बाहेर पडत नाही. बाहेरून हे संप्रेरक दिले तर शरीर तसेच वागेल. पिंकस यांचे सहकारी मिन-चुए चँग यांनी सशांवर हे दाखवून दिले, पण नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतल्यास फारसे लागू पडत नाही. याच सुमारास मेक्सिकोतल्या रानटी कंदापासून स्टेरॉइड संप्रेरके बनवण्याची युक्ती सापडली होती आणि तोंडाने घेता येतील अशी कृत्रिम संयुगे तयार होऊ लागली होती. चँग यांनी सुमारे दोनशे संयुगे तपासून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निवडली. पुढे वापरले गेले ते सर्ल या औषध कंपनीचे नॉरएथिनोड्रेल.

माणसांवरच्या चाचण्यांसाठी वैद्य हवा होता. जॉन रॉक हे बॉस्टनचे प्रतिष्ठित स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि चर्चला न चुकता जाणारे कॅथलिक. मॅसॅच्युसेट्समध्ये गर्भनिरोधन अजून बेकायदा होते, म्हणून १९५४ मध्ये पन्नास स्त्रियांवर झालेली चाचणी वंध्यत्वाच्या अभ्यासाच्या नावाखाली झाली. वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयातल्या रुग्णांनाही औषध दिले गेले. ज्यांना संमती देता येत नव्हती अशा माणसांवर हे झाले. ज्या स्त्रीने नवऱ्याच्या मनोविकारापायी आयुष्य झिजवले, तिच्याच पैशाने हे घडावे हे वाचताना मन विषण्ण होते. आणखी स्त्रिया मिळत नव्हत्या. प्रयोगासाठी बायकांचा पिंजरा कुठून आणायचा, अशा अर्थाचे वाक्य कॅथरीन यांनी याच काळात सँगर यांना लिहिले आहे.

तो शोध पोर्तो रिकोत संपला. अमेरिकेच्या ताब्यातल्या या दाट वस्तीच्या, गरीब बेटावर १९३७ पासून संततिनियमन कायदेशीर होते आणि दवाखान्यांचे जाळे होते. १९५६ मध्ये रिओ पिएद्रास इथल्या वसाहतीत डॉ. एड्रिस राइस-रे यांच्या देखरेखीखाली मोठी चाचणी सुरू झाली. गोळी नेमाने घेतली तर गर्भ राहत नाही हे पक्के ठरले. त्याचबरोबर १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या होतात असे नोंदवून, सर्वांना देण्याजोगे हे औषध नाही असा स्पष्ट अभिप्राय राइस-रे यांनी दिला. पिंकस आणि रॉक यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. औषध प्रायोगिक आहे हे त्या स्त्रियांना सांगितलेले नव्हते. चाचणीच्या काळात काही मृत्यू झाले, त्यांचे शवविच्छेदनही झाले नाही. गोळीचे श्रेय वाटताना पिंकस, चँग, रॉक, सँगर आणि मॅकॉर्मिक ही नावे येतात. पोर्तो रिकोच्या त्या शेकडो बायकांना त्यात जागा मिळत नाही, आणि हा अन्याय आहे.

‘एनोव्हिड’ या नावाने ही गोळी १९५७ मध्ये प्रथम पाळीच्या तक्रारींवरचे औषध म्हणून मान्य झाली. पाळीच्या तक्रारी असलेल्या अमेरिकी स्त्रियांची संख्या मग एकदम वाढली. डिसेंबर १९५९ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संततिनियमन हा सरकारचा विषय नव्हे असे सांगितले, आणि पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एनोव्हिडला गर्भनिरोधक म्हणून परवानगी दिली. पाच वर्षांत पासष्ट लाखांच्या आसपास अमेरिकी स्त्रिया गोळी घेऊ लागल्या. कॅथरीन यांच्या स्वतःच्या राज्यात, मॅसॅच्युसेट्समध्ये, मात्र अविवाहित स्त्रीला गर्भनिरोधक मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये दिला.

रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका हळूहळू पुढे आला. बार्बरा सीमन यांचे गोळीवरचे टीकात्मक पुस्तक १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले, १९७० मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि पाकिटात धोक्यांची माहिती देणारा कागद घालणे आले. मात्रा उतरत गेली. पहिल्या एनोव्हिडमध्ये इस्ट्रोजेनवर्गीय द्रव्य ०.१५ मिलिग्रॅम होते. भारतातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’मध्ये ते ०.०३ मिलिग्रॅम असते, जरी द्रव्य वेगळे असले तरी.

गोळीचे काम मार्गी लागल्यावर कॅथरीन एमआयटीकडे वळल्या. मुलींना संस्थेच्या आवारात राहायची सोय नव्हती, आणि त्यामुळेच त्यांना थोड्या संख्येने घेतले जाई. ज्या मोजक्या मुली होत्या त्या नदीपलीकडे बॉस्टनमधल्या एका घरात राहून पुलावरून येत. कडाक्याच्या थंडीत त्यांना टॅक्सीने येता यावे म्हणून कॅथरीन यांनी भाडे देऊ केले. नंतर त्यांनी संस्थेला वसतिगृहासाठी पैसे दिले. चार्ल्स नदीच्या काठावर त्याचा पहिला मनोरा १९६३ मध्ये उभा राहिला. एमआयटीतल्या मुलींचे प्रमाण त्या काळी शंभरात तीन-चार होते, आज ते मुलांच्या जवळपास बरोबरीला आले आहे. राहण्याची जागा हे प्रवेश नाकारण्याचे कारण उरले नाही, एवढे काम या वसतिगृहाने नक्की केले.

२८ डिसेंबर १९६७ रोजी बॉस्टनमध्ये कॅथरीन यांचे निधन झाले. त्या ९२ वर्षांच्या होत्या. वर्तमानपत्रांनी बातमीला फारशी जागा दिली नाही आणि त्यांच्या गोळीशी असलेल्या नात्याचा उल्लेख जवळजवळ कुणी केला नाही. मृत्युपत्रात त्यांनी प्लॅन्ड पेरेंटहुड या कुटुंबनियोजन संस्थेला पन्नास लाख डॉलर, स्टॅनफर्ड विद्यापीठाला वैद्यकी शिकणाऱ्या स्त्रियांसाठी पन्नास लाख आणि वूस्टरच्या संशोधन संस्थेला दहा लाख ठेवले. एमआयटीलाही मोठा वाटा मिळाला. वसतिगृहाचा दुसरा मनोरा त्यांच्या मृत्यूनंतर १९६८ मध्ये पुरा झाला. मुलींच्या त्या वसतिगृहाला त्यांनी नाव दिले ते नवऱ्याचे: स्टॅनली मॅकॉर्मिक हॉल.